औषध तुमचं आणि औषध तिचं

आपल्याकडं एकाच शब्दावर दोन संसार चालतात. कांद्यावर करपा आला की आपण औषध मारतो आणि पोराला ताप आला की औषध देतो. खताच्या दुकानात मिळतं ते औषध, मेडिकलमध्ये मिळतं तेही औषधच. आणि कुणी रागाच्या भरात नको ते केलं तर गाव दबक्या आवाजात म्हणतं, ‘त्यानं औषध पिलं.’ जगवणारं आणि मारणारं अशा दोन्हींना आपण एकच नाव दिलंय. त्यात आपली काही चूक आहे असं मला वाटत नाही. मात्रा बदलली की एकाचं दुसरं होतं, हे आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होतंच.

आता एक घर डोळ्यापुढं आणा. चऱ्होलीतलं म्हणा, नाहीतर पलीकडं मरकळ-धानोऱ्यातलं. बाप ओट्यावर बसून उद्याच्या फवारणीचा हिशेब करतोय. लेक आत भिंतीला टेकून बसलीय, कानात वायर, हातात मोबाईल. ती नर्सिंगला आहे. दिवस कॉलेजात नाहीतर वॉर्डात गेला, पीएमपीच्या गर्दीतून घरी आली, भाकरी थापल्या आणि आता बसलीय. बापाच्या तोंडून निघतं, ‘काय सारखा तो मोबाईल!’

जरा दम धरा. ती काय बघतेय ते विचारा. औषधशास्त्र असेल. कॉलेजात त्याला फार्माकॉलॉजी म्हणतात. नर्सिंगच्या पोरींना ज्या विषयांचा धाक असतो, त्यातला हा एक. आणि तुमच्या-आमच्या जिवाशी सगळ्यात जवळचा.

आपल्या या पट्ट्याचं आणि औषधाचं नातं जुनं आहे. चऱ्होली बुद्रुक १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत गेलं. इंद्रायणीपलीकडचं चऱ्होली खुर्द खेड तालुक्यात, तिथं ग्रामपंचायत. इकडं गुंठ्याचा भाव बोलतात, तिकडं अजून वाफ्याचा. पण या साऱ्याच्या आधी, कारखानदारीची चाहूलही नव्हती तेव्हा, १९५४ साली पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांची मदत त्याला होती. १९५५ पासून तिथं पेनिसिलिन तयार होऊ लागलं. फ्लेमिंगनं १९२८ साली लंडनमध्ये बुरशीतून शोधलेलं औषध सत्तावीस वर्षांत आपल्या वेशीपर्यंत आलं होतं. पुढं १९६१ च्या सुमारास याच कारखान्यातल्या शास्त्रज्ञांनी मातीतल्या जिवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीवरचं औषध शोधलं. तर औषध ही काही परमुलखातली गोष्ट नाही. आपल्या पोरींनी ते शिकावं यात नवल वाटायचं कारण नाही.

आता शिकायचं म्हणजे काय? भारतीय परिचर्या परिषदेनं २०२१ साली बी.एस्सी. नर्सिंगचा सत्रांचा नवा अभ्यासक्रम लागू केला. त्यात तिसऱ्या सत्रात औषधशास्त्राचे २० तास आणि चौथ्यात ६० तास. एकूण ८० तास. एवढ्या वेळात हृदयाची, फुप्फुसाची, मेंदूची, पोटाची, बाळंतपणाची, क्षयाची, साखरेची औषधं उरकायची. ८० तासांत एवढं पीक काढायचं म्हणजे मास्तर पेरत पळणार आणि पोरी मागून वेचत पळणार. जे हातून सुटतं ते घरी मोबाईलवर.

ही रीत मुख्यतः करोनानं लावली. २०२० च्या मार्चमध्ये कॉलेजं बंद झाली, नर्सिंगच्या मुली गावी परतल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. त्याच वर्षी सप्टेंबरात पिंपरीच्या नेहरूनगरला अण्णासाहेब मगर स्टेडियमवर जम्बो रुग्णालय उभं राहिलं. खाटा मांडायला दिवस लागतात, नर्स घडवायला वर्षं. हे तेव्हा साऱ्यांनी पाहिलं. कॉलेजं उघडली तरी मोबाईलवरचा अभ्यास राहिला तो राहिलाच. केंद्र सरकारचं ‘स्वयम्’ २०१७ पासून चालू आहे. त्यावरचे पाठ बघायला पैसे पडत नाहीत. यूट्यूबवर तर पाठांचा पाऊस आहे. बहुतेक इंग्रजी-हिंदीत, हीच काय ती अडचण.

मोबाईलवर हा विषय शिकता येतो का? माझं मत विचाराल तर अर्धा येतो, आणि तो अर्धा चांगला येतो.

औषधांच्या नावांचंच घ्या. पहिल्या दिवशी ती यादी बघून पोरगी रडकुंडीला येते. मग कुणीतरी युक्ती सांगतं, की नावाचं शेपूट बघ. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, म्हणजे शेवटी ‘ओलॉल’ आलं की नाडी सावकाश करणारं, रक्तदाब उतरवणारं. एनालाप्रिल, रामिप्रिल, म्हणजे ‘प्रिल’ आलं की रक्तदाबाचंच दुसरं घराणं. यानं काहींना कोरडा खोकला लागतो. टेल्मिसार्टन, लोसार्टन हे तिसरं. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल म्हणजे पोटातलं आम्ल कमी करणारी. आडनावावरून भावकी ओळखावी तसं. आपणही हेच करतो की! डब्यावरचं कंपनीचं नाव झाकलं तरी खालचं बारीक अक्षरातलं घटकाचं नाव वाचून जाणता शेतकरी सांगतो, ‘हे मागच्या वेळचंच आहे, फक्त डबा नवा.’ हे सारं मोबाईलवर छान बसतं. पाठ थांबवता येतो, मागं नेता येतो, दहादा ऐकला तरी मास्तर ओरडत नाही.

दुसरं गणित. इथं मात्र नुसतं बघून भागत नाही, वही-पेन्सिल लागते. आपला पंप १५ लिटरचा, लिटरला २ मिली सांगितलंय, म्हणजे पंपाला ३० मिली. हे गणित तुम्ही झोपेतही कराल. तिचं गणित याच जातीचं, फक्त चुकलं तर पान करपत नाही, माणूस जातो. १० किलोचं लेकरू आहे, तापाचं पॅरासिटामॉल किलोला १५ मिलिग्रॅम द्यायचंय, म्हणजे १५० मिलिग्रॅम. बाटलीवर लिहिलंय ५ मिलीत १२५ मिलिग्रॅम, तर द्यायचं ६ मिली. पण दुकानात ५ मिलीत २५० मिलिग्रॅमचीही बाटली मिळते. तिच्यातलं ३ मिली पुरे. बाटल्या दिसायला सारख्या, चवही गोड. घरात आजी ‘एक झाकण दे’ म्हणते आणि नात म्हणते, ‘थांब, बाटली बघू दे.’ त्या थांबण्यासाठीच हा सारा अभ्यास आहे.

सलाईनचंही तसंच. ५०० मिलीची बाटली ४ तासांत जायची आहे आणि नळीतून २० थेंबांचं एक मिली पडतं, तर मिनिटाला किती थेंब? दहा हजार थेंब, २४० मिनिटं, म्हणजे ४२ च्या आसपास. ज्यानं ठिबक बसवलंय त्याला हे समजावून सांगायला नको.

इन्सुलिनचं जरा जपून वाचा, कारण साखरेची माणसं आता घरोघर आहेत. कुपीतलं इन्सुलिन आपल्याकडं दोन ताकदीचं मिळतं. एका मिलीत ४० युनिट आणि एका मिलीत १०० युनिट. त्याच्या सुयाही वेगळ्या. साधारणपणे ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी. १०० चं इन्सुलिन ४० च्या सुईनं भरलं तर अडीचपट जातं. माणूस घामानं भिजतो, बरळतो, बेशुद्ध पडतो. घरात कुणी टोचून घेत असेल तर आजच कुपीवरचा आणि सुईवरचा आकडा जुळवा. नर्सिंगची पोरगी घरात असेल तर तिलाच सांगा, तिचाही अभ्यास होईल.

हा झाला अर्धा भाग. उरलेला अर्धा मोबाईलवर येत नाही, तो का येत नाही ते तुमच्याच औषधावरून सांगतो.

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झालं ते तुम्ही विसरला नसाल. डोक्याएवढ्या कपाशीत फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. फवारणीच्या औषधांतला एक मोठा वर्ग सेंद्रिय फॉस्फरसचा. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्यातलीच नावं. डायक्लोरव्हॉस, फोरेट यांवर २०२० च्या अखेरीपासून बंदी आहे. तरी कुठल्या गोठ्यात जुना डबा पडलेला नाही असं छातीठोक कोण सांगेल?

ही औषधं अंगात गेल्यावर काय करतात? आपल्या नसा पुढं निरोप पोचवताना एक रसायन सोडतात. निरोप पोचला की ते रसायन मोडून टाकणारा एक पदार्थ शरीरातच असतो. समजा पाटाला पाणी सोडलंय आणि वावर भिजल्यावर दार बंद करणारा पाटकरी आहे. हे विष त्या पाटकऱ्यालाच बांधून टाकतं. मग पाणी वाहतच राहतं. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, अंगाला घाम, जुलाब, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या, आणि छाती आतल्या आत कफानं भरून येते. माणूस कोरड्या जमिनीवर बुडतो.

यावर अ‍ॅट्रोपिन देतात. ते पाटकऱ्याला सोडवत नाही, वावराच्या तोंडाशी बांध घालतं. पाटकऱ्याला सोडवायचा प्रयत्न पॅम नावाचं दुसरं औषध करतं, तेही लवकर दिलं तर. एवढं सगळं मोबाईलवर चित्रासकट कळतं आणि परीक्षेत लिहिताही येतं.

पण वॉर्डात काय होतं? डॉक्टर अ‍ॅट्रोपिन सुरू करतात. छाती मोकळी झाली नाही तर पाच-पाच मिनिटांनी मात्रा दुप्पट करत नेतात. रुग्णाशेजारी रात्रभर कोण असतं? नर्स. छातीला नळी लावून ऐकायचं, खरखर आहे का. काखेत हात घालून बघायचं, घाम आटला का. नाडी मोजायची, लिहायची, पुन्हा मोजायची. अ‍ॅट्रोपिन कमी पडलं तर छाती भरते. जास्त झालं तर अंग तापतं, तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, रुग्ण बरळायला लागतो, हवेतलं काहीतरी पकडायला जातो, नळ्या ओढतो. नातेवाईक म्हणतात, ‘बघा, शुद्धीवर आला, बोलायला लागला.’ आणि ज्या नर्सनं हे एकदा डोळ्यांनी पाहिलंय ती ओळखते की हे बरं होणं नाही, औषध जास्त झालंय, डॉक्टरांना आत्ताच उठवायला पाहिजे. काखेचा तो कोरडेपणा कुठल्या पडद्यावर दिसणार? त्यासाठी वायसीएमसारख्या रुग्णालयाच्या वॉर्डात ज्येष्ठ सिस्टरच्या मागं उभं राहून रात्री काढाव्या लागतात.

म्हणून आता कळीची गोष्ट सांगतो. तुमच्या मोबाईलवर जाहिराती येत असतील, ‘घरबसल्या नर्सिंग’, ‘सहा महिन्यांत सर्टिफिकेट’, ‘ऑनलाइन डिप्लोमा, नोकरीची हमी’. यात पडू नका. मोबाईलवर अभ्यास करणं वेगळं आणि मोबाईलवरून नर्स होणं वेगळं. पहिल्यांदाच नर्स व्हायचं तर तीन वाटा. ए.एन.एम. दोन वर्षांचा, जी.एन.एम. तीन वर्षांचा आणि बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. तिन्हींत कॉलेजात हजेरी आणि वॉर्डातलं काम सक्तीचं. शिक्षण संपल्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी झाली तरच ती परिचारिका. नोंदणीशिवाय ते सर्टिफिकेट भिंतीला लावायच्या कामाचं. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ चा आहे, राज्याचा १९६६ चा. पैसे भरण्याआधी कॉलेजाचं नाव परिषदेच्या यादीत आहे का ते बघा. सरपंच, ग्रामसेवक मंडळींनाही विनंती, की कुणी पालक सल्ला विचारायला आला तर परिषदेच्या संकेतस्थळावर ती यादी उघडून दाखवा. पाच मिनिटांचं काम आहे. दीड-दोन लाख बुडाल्यावर तोच पालक अर्ज घेऊन येतो, तेव्हा तुमच्या हातात काही नसतं.

आता घरातलं बोलू. पोरीला काय हवं? एक तास. सलग. टीव्ही मालिकेच्या वेळेचा नको आणि पाहुण्यांना चहा करून उरलेला नको. मुलगा इंजिनिअरिंगचा अभ्यास करत असला की घर पाय न वाजवता चालतं. मुलगी अभ्यास करत असली की तिला मध्येच हाक येते, ‘जरा कूकर बघ गं.’ ‘ओलॉल’ आणि ‘प्रिल’ यांच्यामध्ये कूकरची शिट्टी आली की दोन्ही जातात. आईबापांनो, हे तुम्हाला टोचून लिहितोय, रागावू नका.

दुसरी अडचण भाषेची. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलीला सारं इंग्रजीत गिळावं लागतं. इथं तुम्ही मदत करू शकता, तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी. किंबहुना येत नसलं तर जास्तच. तुमची रक्तदाबाची गोळी तिच्यापुढं ठेवा आणि म्हणा, ‘ही कशी काम करते, मला समजंल असं सांग.’ ती अडखळली तर समजा, पाठ झालंय पण कळलं नाही. तिलाही ते समजेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा. आणि ती ‘ही गोळी आपल्या मनानं बंद करू नका’ म्हणाली तर ऐका. ओलॉलच्या गोळ्या एकदम सोडल्या तर दाब आणि छातीतलं दुखणं उसळून येऊ शकतं. हे तिनं कालच वाचलेलं असतं.

उलट एक मोह मात्र आवरा. पोरगी नर्सिंगला गेली की पहिल्याच वर्षी गल्लीतून निरोप येतात. ‘जरा सलाईन लावून जा.’ ‘हे इंजेक्शन आणलंय, टोचून दे, डॉक्टरला कशाला दोनशे द्यायचे?’ ती नाही म्हणाली की गाव म्हणतं, शिकून मिजास आली. अहो, तिला कायद्यानं तो अधिकार नाही आणि अजून तो हातही नाही. प्रतिजैविकाच्या एका इंजेक्शननं एखाद्याच्या अंगावर गांधी उठतात, घसा सुजतो, श्वास अडतो. तिथं लगेच अ‍ॅड्रेनालिन लागतं, ते तुमच्या ओसरीवर कुठून येणार? पोरगी नाही म्हणाली तर ती नीट शिकतेय असं समजा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींसाठीही थोडं. स्वतःच्या उत्पन्नातली १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. दरवर्षी त्यातून काय घ्यायचं याची मार्चात धावपळ होते. शिलाई मशीनं पुष्कळ वाटून झाली. एक खोली, चार टेबलं, बरं इंटरनेट, वीज गेली तर इन्व्हर्टर, आणि रात्री नऊपर्यंत उघडी ठेवणारी एखादी बाई. नर्सिंगच्या, फार्मसीच्या, स्पर्धा परीक्षेच्या सगळ्याच मुली तिथं बसतील. महापालिकेच्या हद्दीतल्यांनी नगरसेवकाच्या मागं लागावं, ती वाट तुम्हाला ठाऊक आहे.

आणि फवारणीच्या हंगामात एवढं करा. डब्याबरोबर आलेली घडीची चिठ्ठी फेकून देऊ नका. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण आपण रोज बघतो. लाल सर्वांत जहाल. पण चिठ्ठीत विषबाधा झाल्यास उतारा काय, तेही छापलेलं असतं. आपण वाचत नाही, कारण अक्षर मुंगीएवढं. ती चिठ्ठी पोरीला वाचायला द्या. तिथं अ‍ॅट्रोपिनचं नाव दिसलं की तिला तिच्या पुस्तकातलं पान आठवेल आणि तुम्हाला या डब्याची जात कळेल. कुणाला फवारताना गरगरलं, लाळ सुटली, छाती भरून आली, तर कपडे काढून अंग साबण-पाण्यानं धुवा, दूध-तूप-मिठाचं पाणी काही पाजू नका, १०८ ला फोन करा आणि दवाखान्यात जाताना तो डबा नाहीतर निदान त्यावरचा कागद बरोबर घ्या. डॉक्टरांनी ‘कुठलं औषध?’ विचारलं की ‘औषध’ एवढंच सांगून चालत नाही. घटकाचं नाव लागतं. ते नाव घरात बरोबर वाचून दाखवणारं माणूस बहुधा आत भिंतीला टेकून, कानात वायर घालून बसलेलं असतं.